अमेरिकेतली बक्षिसी : कुणाला, किती आणि का?

लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आले, पासपोर्टावर व्हिसा उमटला, की घरात एकच धांदल उडते. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, बाळाची झबली-टोपडी, आजीच्या मऊ लुगड्याची गोधडी... बॅगा तेवीस किलोंत बसवता बसवता सगळे घामाघूम होतात. शेजारणी सल्ले देतात. कुणी म्हणते स्वेटर घ्या, कुणी म्हणते गुडघ्याचे मलम विसरू नका, विमा उतरवलात ना? पण एक गोष्ट फारसे कुणी सांगत नाही, आणि विमानातून उतरल्यावर पहिल्या तासापासून तीच पावलोपावली आडवी येते. ती म्हणजे टिप. आपल्या भाषेत बक्षिसी.

“त्यात काय सांगायचं? टिप आम्हाला ठाऊक नाही का?” असे तुम्ही म्हणाल. ठाऊक आहे, पण ती आपली टिप. आपण जेवतो, बिल चुकते करतो आणि बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवून उठतो. ठेवले तर वेटर सलाम करतो. न ठेवले तरी महिन्याचा ठरलेला पगार त्याच्या हातात पडायचा तो पडतोच. आपली टिप ही खुशी आहे. अमेरिकेतली टिप म्हणजे त्या माणसाच्या पगाराचा मोठा हिस्सा, फक्त तो मालकाऐवजी आपल्या हातून द्यायचा. हा फरक एकदा मनात बसला, की तिथला कितीतरी गोंधळ कमी होतो आणि जेवणानंतर मुलाच्या तोंडाकडे बघत बसण्याची वेळ येत नाही.

ताशी दोन डॉलर तेरा सेंट

अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून ताशी ७ डॉलर २५ सेंट आहे. पण ज्यांना गिऱ्हाइकांकडून टिप मिळते, अशा नोकरांना मालकाने आपल्या गल्ल्यातून ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी कायद्याला चालते. हा आकडा १९९१ सालचा. तेव्हा जन्मलेली मुलगी आज दोन मुलांची आई असेल, पण तो एका सेंटनेही पुढे सरकलेला नाही! मधली तूट टिपेतून भरून निघावी, असे कायद्यानेच गृहीत धरले आहे. नाहीच निघाली, तर उरलेले पैसे मालकाने भरायचे असतात हे खरे. पण ताशी सव्वासात डॉलरांत तिकडे कसे भागते, ते तुमच्या लेकीलाच विचारा.

सगळ्या राज्यांत असे नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. न्यू जर्सीत, जिथे आपल्या मंडळींची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे आहेत, तिथे २०२५ साली किमान वेतन ताशी १५ डॉलर ४९ सेंट होते आणि त्यातले वेटरला मालकाने स्वतः द्यायचे ५ डॉलर ६२ सेंट. बाकीचे टिपेवर. गंमत अशी, की राज्याचा कायदा काही का असेना, टिपेचे प्रमाण देशभर जवळपास सारखेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. वाढणाऱ्या मुलीला मिळालेली टिप सगळी तिच्या खिशात जात नाही. ताटे उचलणारा, पेये तयार करणारा यांनाही त्यातला वाटा द्यावा लागतो, आणि कित्येक ठिकाणी हा वाटा तिने किती रुपयांचे, म्हणजे किती डॉलरांचे जेवण वाढले, त्यावर ठरतो. म्हणजे आपण काहीच न ठेवता उठलो, तर आपल्या टेबलापायी तिलाच पदरमोड करावी लागते.

ही रीत मूळची अमेरिकेची नव्हेच. एकोणिसाव्या शतकात युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी ती आणली, आणि तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. सगळे समान म्हणवणाऱ्या देशात एकाने दुसऱ्यापुढे हात पसरायचा, हे शोभत नाही असे त्यांचे म्हणणे. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिपेवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. रीत टिकली, कारण ती मालकांच्या सोयीची होती. १८६५ साली गुलामगिरी संपली. नव्याने मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांना कामावर घ्यायचे, पगार अगदी तुटपुंजा द्यायचा आणि उरलेले प्रवाशांच्या दयेवर सोडायचे, असा प्रकार सुरू झाला. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांवर असेच पोर्टर असत. गाद्या घालणे, बूट पुसणे, रात्री-अपरात्री घंटी वाजली की धावणे, हे त्यांचे काम. मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारत! मुंबईच्या बिऱ्हाडांतून घरगड्याचे नाव काहीही असले तरी त्याला ‘रामा’च म्हणत, त्यातलीच तऱ्हा. या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावून पगार वाढवून घेतला. हॉटेलातल्या नोकरांचे मात्र उलटेच झाले. १९६६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन टिप पगारात धरायला रीतसर मुभाच मिळाली.

बिल येते तेव्हा

आता टेबलाशी येऊ. बसून जेवायचे, कुणीतरी आणून वाढायचे, अशा रेस्टॉरंटात जेवणाच्या रकमेवर पंधरा ते वीस टक्के टिप द्यावी. पंधरा म्हणजे जेमतेम, अठरा म्हणजे रीतसर, आणि मोठ्या शहरांत आता वीसच धरून चालतात. टक्केवारी करावरच्या रकमेवर नव्हे, कर लागण्यापूर्वीच्या रकमेवर काढायची. कूपन किंवा सवलत मिळाली असेल तर मूळ रकमेवर; सवलत मालकाने दिली, वाढणारीचे श्रम काही कमी झाले नाहीत.

तोंडी हिशेब सोपा आहे. समजा, जेवण झाले ६४ डॉलरांचे. दशांश चिन्ह एक घर अलीकडे घ्या : ६ डॉलर ४० सेंट, हे दहा टक्के. त्याची दुप्पट १२ डॉलर ८० सेंट, हे वीस. न्यूयॉर्क शहरात तर लोक बिलावरचा कर बघतात आणि त्याची दुप्पट करून मोकळे होतात, कारण तिथला कर पावणेनऊ टक्क्यांहून थोडा जास्त आहे. दुप्पट केली की जवळपास अठरा टक्के होतात.

बाहेर जेवायला जाण्यापूर्वीच हा खर्च धरून ठेवायची सवय लावून घ्यावी. न्यू जर्सीतले उदाहरण घ्या. घरची पाच माणसे, मेनूकार्डावरच्या भावाने जेवण झाले १२० डॉलरांचे. कर ६.६२५ टक्के, म्हणजे ७ डॉलर ९५ सेंट. वीस टक्के टिप, २४ डॉलर. झाले १५१ डॉलर ९५ सेंट. थोडक्यात, कार्डावर जो भाव दिसतो त्यावर चौथाईहून थोडे अधिक धरायचे. आपल्या पूर्वजांनी हिंदुस्थानभर चौथाई वसूल केली, आता ती अमेरिकेत आपण भरतो आहोत असे समजा!

बिल एका छोट्या पुठ्ठ्याच्या फाइलीत येते. मुलगा त्यात कार्ड ठेवतो, ती मुलगी ते घेऊन जाते आणि कार्डाबरोबर दोन चिठ्ठ्या परत आणते. एक आपल्याला, एक त्यांना. त्यांच्या चिठ्ठीवर खाली टिपेची ओळ कोरी असते. तिथे हाताने आकडा लिहायचा, खाली बेरीज करायची, सही करायची. कार्ड आधीच फिरवले, मग नंतर लिहिलेले पैसे कसे जातात, असा प्रश्न अनेकींना पडतो. जातात, दुकान बंद होताना ते लोक आपण लिहिलेला आकडा घालून रक्कम पक्की करतात. हल्ली काही ठिकाणी छोटे यंत्रच टेबलाशी आणतात. टिप रोख द्यायची असेल तर त्या ओळीवर रेघ मारून नोटा फाइलीत ठेवाव्यात. नाणी मात्र ठेवू नयेत. खिशातली चिल्लर झटकल्यासारखे ते दिसते आणि अपमान वाटतो.

एक खबरदारी. सहा-आठ माणसांच्या वर मंडळी असली, की बऱ्याच ठिकाणी अठरा किंवा वीस टक्के आधीच बिलात घातलेले असतात. तिथे ‘ग्रॅच्युइटी’ असा शब्द असतो. तो दिसला की आणखी टिप देण्याची गरज नाही, कुणी आग्रहही धरणार नाही. बारशाच्या निमित्ताने दोन्हीकडची माणसे जमली आणि घाईघाईत दोनदा टिप गेली, असे होऊ शकते; तेव्हा चष्मा लावून बिल वाचावे. त्यात संकोच कसला? वाण्याची यादी आपण तपासतोच ना?

आणि हो, एडिसनच्या ओक ट्री रोडवर डोसा खाल्ला म्हणून टिप माफ होत नाही. “आपल्याच माणसाचं हॉटेल आहे, इथे कशाला?” हा विचार काही जणी बोलूनही दाखवतात. हॉटेल आपल्या माणसाचे असेल. वाढणाऱ्याच्या पगाराचा कायदा अमेरिकेचाच आहे.

टेबलावरच्या नोटा

आमच्या ओळखीच्या एका बाई जावयाकडे गेल्या होत्या. पहिल्याच रविवारी सगळे बाहेर जेवायला गेले. जावयाने टेबलावर पाच-पाचच्या चार नोटा ठेवल्या आणि तो मुलाला घेऊन पुढे झाला. बाई मागे राहिल्या. त्यांनी नोटा बघितल्या, इकडे-तिकडे बघितले आणि चटकन उचलून पर्समध्ये टाकल्या. गाडी रस्त्याला लागल्यावर अभिमानाने म्हणाल्या, “जावईबापू, टेबलावर पैसे विसरलात हो! मी होते म्हणून बरं.”

गाडीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग लेक हळूच म्हणाली, “अगं आई, ते त्या मुलीचे होते.” जावई शहाणा. तो हसला, गाडी वळवली आणि स्वतः आत जाऊन पैसे देऊन आला. बाईंना मात्र रात्रभर झोप लागली नाही. वीस डॉलर! २०२५ साली डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या घरात होता; म्हणजे सतराशे-अठराशे रुपये नुसते टेबलावर ठेवून उठायचे, हेच त्यांच्या पचनी पडत नव्हते. त्यात त्यांचे काय चुकले? ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन रद्दीवाल्याला विकल्या, त्या घरातून त्या गेल्या होत्या. त्यांना कुणी आधी सांगायला हवे होते, एवढेच.

रुपयांत गुणाकार करायची खोड मोडणे सोपे नाही, आणि ती पूर्ण मोडूही नये. खरेदीत ती कामाला येते. पण टिपेच्या बाबतीत दुसरा गुणाकार करून बघावा. ती मुलगी आपल्या टेबलाशी तास-दीड तास राबली. त्या वेळात तिच्याकडे आणखी तीन-चार टेबले होती. दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक नसते, तेव्हा टिपही नसते. पावसाचा, बर्फाचा दिवस असला तर सगळा दिवसच कोरडा. हातावर पोट असलेल्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. मोलकरणीला एका घराने काम सोडायला सांगितले तर महिन्याचे गणित कसे कोसळते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल?

काहींचे म्हणणे असते, की ही पद्धतच चुकीची आहे, नोकराचा पगार मालकाने द्यावा, गिऱ्हाइकाने का? मलाही ते पटते. माझ्या मते ही रीत वाईटच आहे. वाढणारीला हसू यावे की न यावे, याची किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची, यात मला तरी काही शोभा दिसत नाही. न्यूयॉर्कचे नावाजलेले हॉटेलमालक डॅनी मायर यांनी २०१५ पासून आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करून भाव वाढवायला सुरुवात केली होती. २०२० मध्ये त्यांनाही तो प्रयोग सोडून टिप पुन्हा चालू करावी लागली. तेव्हा ही रीत आपल्या टेबलावरून बदलायची नाही. आपण निषेध म्हणून पैसे ठेवले नाहीत, तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. रिकाम्या हाताने घरी जाते ती मुलगी. वाढण्यात खरोखरच हेळसांड झाली तर मॅनेजरला बोलावून सांगावे, टिप दहा टक्क्यांवर आणावी. स्वयंपाकघरातून जेवण उशिरा आले, हा मात्र तिचा दोष नव्हे.

विमानतळावरची खुर्ची

आपल्याकडच्या पुष्कळ आया-आज्या तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घेतात. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला इंग्रजीची धास्ती असते. खुर्ची ढकलणारा माणूस आपल्याला विमानाच्या दारापासून इमिग्रेशनच्या रांगेतून, सामानाच्या पट्ट्याशी आणि शेवटी मुलाच्या हवाली करेपर्यंत सोबत असतो. तास-दीड तास कुठे गेलाच नाही. या सेवेचे पैसे विमान कंपनीने घ्यायचे नाहीत असा नियम आहे, आणि ढकलणाऱ्यानेही टिप मागायची नसते. पण हे लोक बहुधा ठेकेदाराचे कमी पगारी नोकर असतात. पाच डॉलर द्यावेत. बॅगा चार असतील, रांग लांब असेल, तर दहा. दोघे नवरा-बायको दोन खुर्च्यांवर असलात तर दोघांनाही वेगवेगळे.

इथेच बहुतेकींची पंचाईत होते. कारण जवळ असतात त्या शंभर डॉलरच्या नोटा, त्याही यजमानांच्या आतल्या खिशात! मुलगा बाहेर येऊन देईल म्हणावे, तर गर्दीत तो माणूस पुढच्या फेरीला निघून गेलेला असतो. म्हणून पाच-पाचच्या दोन-तीन नोटा स्वतःच्या पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. आणि देताना आकडा नीट बघून द्यावा. आपल्या नोटांचे आकार आणि रंग निरनिराळे. अमेरिकेत एक डॉलरची नोट आणि शंभर डॉलरची नोट आकाराने अगदी सारखी!

इमिग्रेशनच्या किंवा कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे मात्र चुकूनही नोट काढू नका. लोणच्याची बरणी उघडायला लावली तरी नाही. तिकडे ती लाच होते.

दवाखान्यात खुशाली नाही

ज्या कामासाठी आपण एवढ्या लांब आलो, ते पार पडते. नात झाली, नातू झाला, आणि आईचा हात सवयीने पर्सकडे जातो. आपल्याकडे बाळ बाहेर आणून दाखवणाऱ्या आयाबाईला खुशाली द्यायची, दाईला साडी द्यायची, वॉर्डबॉय दारातच उभा असतो. अमेरिकेत नर्सला पैसे देऊ नयेत. तिने घेतले तर तिच्यावरच कारवाई होण्याची भीती. तेव्हा तिला उगीच संकटात टाकू नये. हे पहिल्यांदा कळले की आपला जीव थोडा खट्टू होतो. रात्री तीनला उठून लेकीला आधार देणाऱ्या त्या परक्या मुलीला रिकाम्या हाताने कसे सोडायचे?

त्यालाही वाट आहे. निघण्याच्या दिवशी चॉकलेटचा किंवा मिठाईचा बंद डबा नर्सांच्या टेबलावर सगळ्यांसाठी म्हणून ठेवावा आणि बरोबर चार ओळींचे आभारपत्र द्यावे. पत्रात नर्सचे नाव घालावे. पुढे जमले तर लेकीने दवाखान्याच्या व्यवस्थापकांनाही तिच्याबद्दल चांगले लिहून कळवावे. ते तिच्या नोकरीत उपयोगी पडते. डब्यात घरचे लाडू देण्याचा मोह होतो, पण काही जणांना शेंगदाणे-काजू चालत नाहीत, म्हणून विकतचाच, आत काय आहे ते छापलेला डबा बरा.

पोस्टमनचेही तसेच. आपण दिवाळीत त्याला पोस्त देतो. तिथला पोस्टमन सरकारी नोकर. रोख पैसे त्याला घेता येत नाहीत. वीस डॉलरपर्यंतची लहानशी वस्तू, बिस्किटे-चॉकलेटे, चालतात. पोस्त द्यायचा मोसम मात्र तिकडेही आहे, तो नाताळचा. लेकीकडे घर झाडायला-पुसायला येणारी बाई असेल तर नाताळात तिला एका खेपेच्या कामाइतके पैसे जादा द्यायची पद्धत आहे. हे ऐकून बरे वाटले, नाही का?

आणखी कुणाकुणाला

ब्यूटी पार्लरमध्ये केस कापले, भुवया कोरल्या तर पंधरा-वीस टक्के, कापणारीच्या हातात. टॅक्सीवाल्याला तेवढेच, मोबाइलवरून बोलावलेल्या गाडीत मुलगा फोनवरूनच टिप घालतो. घरी पिझ्झा आणणाऱ्याला तीन ते पाच डॉलर, बर्फ पडत असेल तर थोडे अधिक. बिलावर ‘डिलिव्हरी’चा आकार लावलेला असतो, पण तो सगळा त्या पोराला मिळतो असे नाही. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतःच्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरून देतो. त्याला टिप द्यायची मात्र चाल नाही.

सहलीला गेलात आणि रात्री हॉटेलात उतरलात, तर खोली आवरणारीला विसरू नका. ती दिसत नाही, म्हणूनच ती राहून जाते. आपण बाहेर पडल्यावर ती येते, चादरी बदलते, न्हाणीघर घासते आणि जाते. रात्रीला दोन ते पाच डॉलर ठेवावेत, आणि ते रोजच्या रोज. शेवटच्या दिवशी एकदम नव्हे, कारण रोज तीच बाई असेल असे नाही. नुसती नोट ठेवली तर पाहुण्यांची राहिली असेल म्हणून ती हात लावणार नाही. तेव्हा कागदाच्या कपट्यावर ‘हाउसकीपिंग, थँक यू’ लिहून उशीवर ठेवावी. सामान वर नेऊन देणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर.

नायगारा किंवा वॉशिंग्टनची बसची सहल असेल तर तिथे ड्रायव्हर आणि गाइड यांच्यासाठी रोजचे माणशी ठरावीक डॉलर गोळा करतात. मुलांचेही मोजतात. पुण्या-मुंबईहून सहल कंपनीबरोबर निघत असाल, तर पैसे भरतानाच स्पष्ट विचारावे : टिप यात धरली आहे का? नसेल तर रोजची किती? दहा दिवस आणि दोन माणसे म्हटली की ती रक्कम किरकोळ राहत नाही.

आता राहिला पडदा. कॉफीच्या किंवा आइस्क्रीमच्या दुकानात आपण उभ्यानेच पैसे देतो, आणि मुलगी तो छोटा चौकोनी पडदा आपल्याकडे फिरवते. त्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के असे डोळ्यांत भरणारे चौकोन. मागे रांग, पुढे ती मुलगी, आणि आपल्याला वाटते की काहीतरी दाबलेच पाहिजे. अजिबात नाही! कुणी टेबलाशी येऊन वाढलेले नाही. तयार पाव कागदात गुंडाळून दिला, एवढेच. खाली कोपऱ्यात ‘नो टिप’ असे बारीक अक्षरात असते. ते बिनदिक्कत दाबावे. यात अमेरिकन माणसेसुद्धा कातावलेली आहेत, तेव्हा आपण कद्रू ठरत नाही. नाहीच जीव राहवला, तर एखादा डॉलर बरणीत टाकावा. पाणी-चमचे आपण आणायचे, पण ताटे त्यांनी उचलायची अशा बुफेच्या ठिकाणी दहा टक्के पुरे.

आणि हे सगळे अमेरिकेपुरते. कॅनडात साधारण असेच आहे. पण येताना जपानात थांबणार असाल, तर तिथे टिप देऊच नये. टेबलावर ठेवलेले पैसे विसरलात असे समजून वेटर रस्त्यावर धावत येऊन परत देईल. आमच्या त्या ओळखीच्या बाईंना तो देश फार आवडेल.

निघण्यापूर्वी डॉलर घ्याल तेव्हा बँकेत किंवा परवानेवाल्या दुकानात सुट्या नोटा मुद्दाम मागून घ्या. वीस डॉलर एक-एकच्या नोटांत आणि तीसएक पाच-पाचच्या. “सगळ्या शंभरच्याच आहेत” असे उत्तर बहुधा मिळते. मग ओळखीत कुणी नुकते तिकडून आले असेल त्यांच्याकडे चौकशी करा. परतलेल्या प्रत्येकीच्या पर्सच्या कप्प्यात एक-दोन डॉलरच्या चुरगळलेल्या नोटा पडून असतातच, आणि रुपये देऊन त्या घेतल्या तर तिलाही बरेच वाटते. या नोटा यजमानांकडे देऊ नका. आपल्याच पर्समध्ये ठेवा, घामाने भिजणार नाहीत अशा.